अळणी दहा दिवस

दिवस १ : पुकाल्पा, पेरू

विमान खाली यायला लागलं तसा खिडकीतून आधी रंग दिसला. तांबडा. रस्ते तांबडे, घरांमागची अंगणं तांबडी, आणि वळणं घेत जाणारी उकायाली नदी दूध जास्त झालेल्या चहासारखी. धाकटा म्हणाला, "ताई, राजापूर." केचुआ भाषेत पुका म्हणजे लाल आणि अल्पा म्हणजे माती, हे तो आधीच वाचून आला होता. कोकणातून निघून लाल मातीतच उतरायचं, तर एवढे पैसे कशाला घालवले, असं मी म्हणाले. तो हसला नाही.

त्याची बॅग आली नव्हती. पट्टा रिकामा होऊन थांबला, आम्ही एक फॉर्म भरला आणि बाहेर पडलो. कपड्यांचं त्याला काही वाटत नव्हतं. बॅगेत लिंबाच्या लोणच्याची बाटली होती. आईने माझ्याकडे दिलेली आणि मी आदल्या रात्री लिमात त्याच्या हवाली केलेली. २०२० साली बाबांनी घातलेलं, मुरून काळं झालेलं, घरातलं शेवटचं. मी माझ्याच बॅगेत ठेवायला हवी होती.

प्रवास खरं तर त्याचा. बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले, तेव्हा तो न्यू जर्सीत अडकलेला. सगळं त्याने फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्यानंतर तो नीट झोपत नाही, आणि रडलेला तर नाहीच. एका सहकाऱ्याकडून त्याला आयावास्काबद्दल, म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलातले वैद्य देतात त्या दृश्यं दाखवणाऱ्या काढ्याबद्दल, कळलं आणि दोन वर्षं त्याने तोच विषय धरून ठेवला. एकट्याने जाऊ नये म्हणून मी निघाले. तो काढा देणाऱ्या इथल्या केंद्राने पाठवलेला सहा पानी प्रश्नांचा फॉर्म मीही भरला. त्यात माझी एस्सिटालोप्रामची, नैराश्यावरची गोळी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुम्ही या, पण पिऊ शकणार नाही. माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनीही तेच सांगितलं होतं. "जा, बघ, पिऊ नकोस. आणि तिथे जाऊन प्यायचं म्हणून गोळी बंद करायचा आगाऊपणाही करू नकोस." तेव्हा हे न प्यालेल्या बाईने लिहिलेलं आहे, हे आधीच सांगते. रंगीबेरंगी सापांची वर्णनं हवी असतील तर दुसरीकडे मिळतील.

आम्ही पोचलो तो २४ जून, सान हुआनचा सण. सगळं गाव पाण्यावर लोटलेलं आणि प्रत्येकाच्या हातात हुआने. हळद घातलेला पिवळा भात, आत कोंबडीचा तुकडा, अंडं आणि एक ऑलिव्ह, सगळं बिहाओच्या रुंद पानात पुरचुंडी करून उकडलेलं. पान सोडल्यावर जो वास येतो तो थेट पातोळ्यांचा. मी दोन खाल्ले. धाकट्याचं पथ्य आठवडाभर आधीच सुरू झालं होतं, त्याने माझं पान हुंगून परत दिलं.

आणि रिक्षा! पुढे मोटरसायकल आणि मागे छपराचं बाकडं असल्या मोटोकारांच्या गर्दीत मधूनच आपली आकुर्डीची बजाज. इथे तिला तोरितो म्हणतात, म्हणजे लहानसा बैल.

दिवस २ : यारिनाकोचा

पुएर्तो कायाओच्या धक्क्यावरून पेके-पेके घेतली. लांबट होडी, मागे लांब दांड्याचं इंजिन. त्याचा आवाज तोच तिचं नाव. यारिनाकोचा हे उकायालीने वळण सोडून दिल्यामुळे उरलेलं सरोवर. शाळेच्या भूगोलात ज्याला नालाकृती सरोवर म्हणून नाल काढून दाखवायचो, ते मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. अर्ध्या वाटेत नावाड्याने इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. गुलाबी पाठ वर आली, फुस्स करून श्वास सोडला आणि गेली. नदीतला डॉल्फिन, इथला बुफेओ. रात्री देखणा पुरुष होऊन नाचायला येतो आणि बायकांना पळवतो, असं नावाड्याने मला बजावून सांगितलं.

वस्ती शिपिबो या इथल्या आदिवासी लोकांची, सान फ्रान्सिस्को नावाच्या त्यांच्या गावाच्या अलीकडची. पाच झोपड्या, एक स्वयंपाकघर आणि मधोमध मालोका, म्हणजे ताडाच्या पानांनी शाकारलेलं मोठं गोल घर. वैद्यीण बाई साठीच्या पुढच्या. माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. कपाळावर कापलेले सरळ केस, पोपटी झालरीचा ब्लाउज, काळ्या कापडावर भरतकाम केलेलं लुंगीसारखं चितोन्ते. त्यांना सगळे मायेस्त्रा म्हणत, त्या सगळ्यांना मामिता आणि पापा. त्यांचे यजमानही वैद्य. जावई स्पॅनिश आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा, हिशेब आणि होडी त्याच्याकडे. आमच्याशिवाय चिलीची एक नर्स, एक जर्मन सुतार आणि लिमाचं एक जोडपं.

दुपारी पोट साफ करायचा कार्यक्रम. कोमट पाण्याचे मोठाले वाडगे, एकामागून एक, ओकारी येईपर्यंत. पहिला घोट घेतला आणि मी ओळखलं: गवती चहा. इथे त्याला येर्बा लुइसा म्हणतात. हे मलाही चालणार होतं, म्हणून मीही रांगेत बसले. पंचकर्मातलं वमन मी कधी केलं नव्हतं, ते पेरूत झालं. घरी आल्यापासून चहात गवती चहा घातलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं इथेच सांगून टाकते. काय काय औषधं घेता ते लपवू नका. नैराश्याच्या गोळ्या, रक्तदाब, हृदयविकार, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर तेही. जे केंद्र हे विचारतच नाही, तिथून परत फिरा. काढ्यात तोए घालता का, हे स्पष्ट विचारा. तोए आपल्या धोतऱ्याच्या कुळातलं झाड. धोतरा पोटात गेल्यावर माणसाचं काय होतं हे गावाकडच्यांना सांगायला नको. बायकांनी शक्यतो एकट्याने जाऊ नये, आणि जिथे बाई वैद्य किंवा बाई मदतनीस आहे तीच जागा निवडावी. अंधारात अंगाला हात लावणारे भोंदू इथेही आहेत.

दिवस ३ : काढा आणि पहिली रात्र

सकाळी उठले तर ठोकण्याचा आवाज. मायेस्त्रांचे यजमान मनगटाएवढ्या जाड वेलीचे तुकडे लाकडी दांडक्याने चेचत होते. धागे सुटेपर्यंत. मग भल्यामोठ्या पातेल्यात एक थर वेलीचा, एक थर चाक्रुनाच्या पानांचा. चाक्रुना कॉफीच्या कुळातली. पानं बघून मला चिकमंगळूरचा मळा आठवला. वर पाणी, खाली लाकडं, आणि दिवसभर आटवणं. संध्याकाळी राहिलं ते काकवीच्या रंगाचं, जवळजवळ तितकंच दाट. वासाला मात्र काकवीशी काही नातं नाही. ओली गोणी आणि आंबलेलं चिंचेचं पाणी एकत्र केलं तर जवळपास जाईल.

या जोडीची गंमत माझ्या डॉक्टर बाईंनी समजावली होती. दृश्यं दाखवणारं द्रव्य, डीएमटी, ते चाक्रुनाच्या पानांत. पण नुसती पानं उकळून प्यायलं तर काहीच होत नाही, कारण शरीरातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर डीएमटी मोडून टाकतं. वेलीतली हार्मिन आणि तिची भावंडं त्या विकराला अडवून धरतात, तेवढ्यात डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. माझी गोळी सेरोटोनिन वाढवणारी. विकर अडवलेलं असताना ते वाढत गेलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून मला बंदी. एवढ्या मोठ्या जंगलातल्या नेमक्या या दोन वनस्पती एका भांड्यात घालायचं यांना कसं सुचलं, हे मी मायेस्त्रांना विचारलं. "वेलीनेच सांगितलं," म्हणाल्या, आणि पातेल्याखालचं लाकूड आत सरकवलं.

रात्री आठला मालोकात. कडेने गाद्या, प्रत्येकाशेजारी एक प्लास्टिकची बादली. लाल, निळी, हिरवी. धाकट्याला लाल मिळाली. मी दाराशी, उशीला टेकून. मायेस्त्रांनी काढ्याच्या बाटलीत मापाचोचा धूर फुंकला. मापाचो म्हणजे इथला कडक रानटी तंबाखू. मग एकेकाला छोट्या पेल्यातून दिलं. धाकट्याने नाक न धरता एका दमात प्यायलं आणि चेहरा असा केला की लहानपणचं एरंडेल आठवलं. मेणबत्ती विझवली.

खरा अंधार कसा असतो ते शहरात विसरायला होतं. डोळे उघडे की मिटलेले, फरक नाही. बेडूक, किडे, कुणाचं तरी पोट गुडगुडतंय. पाऊण तासाने पहिली बादली वाजली, सुताराची. मग मायेस्त्रा गायला लागल्या.

या गाण्यांना इकारो म्हणतात. मला वाटलं होतं, मंत्र असतील, ठाशीव. पण हा बारीक, वरच्या पट्टीतला, कापरा आवाज. घसरत खाली येई, पुन्हा वर चढे, श्वास संपला की मध्येच तुटे. थोड्या वेळाने यजमानांनी दुसरंच गाणं सुरू केलं. दोन गाणी एकाच वेळी, वेगळ्या चालीत, वेगळ्या शब्दांत. शेजारच्या दोन घरांतले रेडिओ लागावेत तसं. पंधरा मिनिटं मला त्याचा त्रास झाला. नंतर झाला नाही.

मी तयारी करून आले होते ती अंगात येण्याची. घुमणं, केस मोकळे, किंचाळ्या. तसलं काहीच नाही. प्यालेले सगळे निपचित. काम करत होत्या त्या एकट्या मायेस्त्रा. मिट्ट काळोखात त्या एकेका गादीपाशी बरोबर जाऊन बसत, त्या माणसासमोर दहा-पंधरा मिनिटं गात, डोक्यावर धूर फुंकत, आणि घसटत पुढच्याकडे सरकत. प्रत्येकाला वेगळं गाणं. मध्ये खोकत, थुंकत, एकदा स्वतः ओकल्यासुद्धा, आणि पुन्हा गायला लागल्या. त्यांनीही काढा प्यायलेलाच होता. साडेबारा वाजता मेणबत्ती लागली तेव्हा त्यांचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सचा चेहरा असतो, तसा चेहरा.

धाकट्याला काय दिसलं? "काही नाही. थोडी नक्षी. मग झोप लागली." दोन वर्षांची तयारी आणि थोडी नक्षी.

दिवस ४

काही घडलं नाही. सकाळी उकडलेलं हिरवं केळं, संध्याकाळी भाजलेला बोकिचिको. मासा चविष्ट, पण काटे असे की आपल्या पाला माशाने लाजावं. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही, तिखट नाही. मला पथ्य नव्हतं, पण धाकट्यासमोर मीठ लावून खाणं जमेना, म्हणून मीही अळणी. दुपारी बाहेर पाउकार पक्षी दर वेळी वेगळा आवाज काढत होता: एकदा बेडूक, एकदा चक्क होडीचं इंजिन.

दिवस ५ : फ्रियाहे आणि दुसरी रात्र

पहाटे थंडीने जाग आली. आदल्या दुपारी घामाने निथळत होतो आणि आता वारा दक्षिणेकडून, आकाश शिशासारखं. इथे याला फ्रियाहे म्हणतात. खंडाच्या दक्षिण टोकाकडची थंड हवा जून ते ऑगस्टमध्ये अधूनमधून थेट जंगलात घुसते. पारा फार खाली जात नाही, पण सगळ्या झोपड्या जाळीच्या भिंतींच्या. वस्तीतली पोरं कानटोप्या घालून फिरत होती. धाकट्याची बॅग अजून लिमात की कुठे, देव जाणे. माझी शाल त्याच्या अंगावर. जूनमध्ये ॲमेझॉनला जाणाऱ्यांनी एक स्वेटर टाकाच, लोक हसले तरी.

रात्री पुन्हा बसले. या वेळी धाकट्याला चढलं. आधी श्वास जोरात, मग दात वाजायला लागले, मग "ताई, ताई" म्हणून हाका. उठून जाणार तोच जावयाने अंधारात माझ्या खांद्यावर हात ठेवला. जायचं नाही. तो अर्धा तास मला आयुष्यात पुन्हा नको आहे. फोनवर "बाबांची सॅच्युरेशन ७२" असं मी त्याला सांगितलं होतं, त्या रात्रीही त्याला असंच झालं असेल का, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं. तोही उठून येऊ शकत नव्हता.

मायेस्त्रा त्याच्यापाशी खूप वेळ गायल्या. मग बादली. मग शांत.

आणि मग मला कळलं की त्या माझ्यासमोर बसल्या आहेत. तंबाखूचा आणि आगुआ दे फ्लोरिदाचा, त्या संत्र्याच्या वासाच्या अत्तराचा दर्प आला. मी पुटपुटले, मी प्यायलेली नाही. त्या गायला लागल्या. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर माणूस आपल्यासाठी गातोय आणि आपल्याला एक शब्द कळत नाही. मला नक्षी दिसली नाही. नाकातून पाणी यायला लागलं आणि थांबेना. रुमाल धाकट्याकडे होता.

दिवस ६ ते ८

दुसऱ्या दिवशी थंडी तशीच. मायेस्त्रा चुलीपाशी भरतकाम करत बसल्या होत्या, मी शेजारी. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बाजूला सुईने पडलेला घट्टा आहे, पिवळट, त्यावर काळ्या दोऱ्याची रेघ उमटलेली. कापडावर आधी काही आखलेलं नव्हतं. सुई सरळ जायची, काटकोनात वळायची, पुन्हा वळायची, आणि चौकटीच्या कडेला बरोबर पोचायची. या नक्षीला केने म्हणतात. पेरू सरकारने २००८ मध्ये तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं, त्याच वर्षी आयावास्काच्या पारंपरिक वापरालाही. मायेस्त्रांनी माझं बोट धरून एका रेघेवरून फिरवलं आणि हळूच गुणगुणल्या. रेघ वळली तिथे सूर वळला.

चिलीच्या नर्सच्या मदतीने मी विचारलं, मी प्यायले नाही तरी माझ्यासाठी का गायलात? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाल्या, त्यांच्या आजोबांच्या काळी रोगी कुठे प्यायचा? वैद्य प्यायचा, दुखणं कुठे आहे ते बघायचा, गायचा. रोगी पडून राहायचा. "आता सगळ्यांना स्वतः बघायचं असतं," आणि सुतार आणि धाकट्याच्या झोपडीकडे हनुवटीने खूण करून हसल्या. म्हणजे इतके दिवस मला वाटत होतं मी पंगतीबाहेर बसले आहे, आणि मी तर जुन्या रीतीने बसले होते!

हसणं थांबल्यावर त्यांनी आणखी एक सांगितलं. एप्रिल २०१८ मध्ये इथून जवळच, व्हिक्टोरिया ग्रासिया वस्तीत, ओलिव्हिया आरेव्हालो या ८१ वर्षांच्या शिपिबो वैद्य बाईंना गोळ्या घालून मारलं. संशय एका कॅनेडियन माणसावर, जो इथे औषधासाठीच आला होता. जमावाने त्याचाही जीव घेतला. मायेस्त्रा त्यांना ओळखत. "तिला खूप गाणी यायची," एवढंच म्हणाल्या. वस्तीच्या वाटेवर इंग्रजी पाट्या वाढताहेत, तिथून जाताना मला हे पुन्हा पुन्हा आठवलं. पाहुणा पैसे आणतो, आणि काय काय आणतो ते त्याच्या फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

सातव्या दिवशी धक्क्याच्या टोकाला एक काडी रेंज मिळाली. आई व्हॉट्सॲपवर. धाकट्याने सांगितलं, इथे दहा दिवस असंच आहे, मीठ नाही, गोड नाही, फोडणी नाही, कुणाला शिवायचं नाही, बाहेर हिंडायचं नाही. आई थोडा वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, "म्हणजे सुतकच की रे. तुझं राहिलं होतं ते."

तो धक्क्यावर पाय सोडून बसला. मी झोपडीकडे आले. अंधार पडेपर्यंत तो आला नाही आणि मी बोलवायला गेले नाही.

आठव्या रात्रीच्या तिसऱ्या बैठकीबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. तो खुदखुदत होता, बराच वेळ. कारण विचारलं तर म्हणाला, बाबा आले होते, पण मालोकाचं छप्पर नीट शाकारलेलं नाही म्हणून कुरकुर करून गेले.

आता कुणी विचारतं, मग बरं वाटतं का याने? ब्राझीलमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २९ रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना आयावास्का, काहींना तसाच कडवट नकली काढा. आठवड्याने आयावास्कावाल्यांत सुधारणा जास्त दिसली. पण २९ म्हणजे २९, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सुतार तिसऱ्या रात्रीनंतर दोन दिवस कुणाशी बोलला नाही आणि जाताना रडवेलाच होता. लिमाचं जोडपं मजेत होतं. मी एवढंच पाहिलं.

दिवस ९ ते ११

विश्रांती. फुलांच्या पाण्याची आंघोळ, गार, डोक्यावरून तांब्याने. थंडी ओसरली, डास परत आले. मी मायेस्त्रांकडून एक केनेचं कापड घेतलं. धाकट्याने घासाघीस करायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

अकराव्या दिवशी सकाळी पथ्य सोडवलं. बशीत मीठ, लिंबू, कांदा आणि चिमूटभर तिखट. मायेस्त्रांनी काहीतरी म्हणत प्रत्येकाच्या जिभेवर ठेवलं. "इराके," आम्ही म्हणालो, म्हणजे धन्यवाद. शिपिबोतला तेवढा एकच शब्द मला नीट येतो.

दिवस १२ : परतीची वाट

निघताना दोन गोष्टी. पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. पेरूहून येणाऱ्यांना आपल्याकडे विमानतळावर ते मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवू शकतात, आणि लस निदान दहा दिवस आधी घेतलेली लागते. दुसरं, काढा, वेल, पानं, आठवण म्हणून सालीचा तुकडासुद्धा आणू नका. पेरूत ते कायदेशीर आहे. आपल्याकडे डीएमटी अंमली पदार्थांच्या कायद्यात येतं, आणि तुमची आध्यात्मिक कारणं कस्टमवाला ऐकून घेणार नाही.

लिमाच्या विमानतळावर धाकट्याची बॅग मिळाली. बारा दिवस कुठे होती, ते काउंटरवरच्या मुलीलाही ठाऊक नव्हतं. त्याने तिथेच फरशीवर बसून चेन उघडली. बाटली शाबूत होती, झाकणातून थोडा खार झिरपून एका पांढऱ्या शर्टावर तपकिरी नकाशा झाला होता. त्याने झाकण उघडलं, बोटाने एक फोड काढली आणि तोंडात टाकली. माझं विमान संध्याकाळी, त्याचं रात्री. लोक आमच्या बाजूने चाकाच्या बॅगा ओढत जात होते.

"खारट झालंय," तो म्हणाला.

बाबांचं लोणचं दर वर्षी खारटच व्हायचं. मी बाटली घेऊन एक फोड उचलली.